पिवळी पाचर

विमानात खिडकीशी बसलेला माणूस ज्या काचेला कपाळ टेकून ढग बघतो, ती खिडकी नसतेच. ती असते आतल्या पॅनेलमध्ये बसवलेली प्लास्टिकची पातळ चकती, खऱ्या खिडकीला प्रवाशांच्या बोटांपासून जपणारी. हवेचा दाब सोसणारी खरी खिडकी तिच्या पलीकडे, विमानाच्या अंगातच पक्की असते. आतलं पॅनेल मात्र निघतं. आधी सीट बाजूला, मग दोन स्क्रू, मग खालच्या कडेत प्लास्टिकची पाचर सारून हलकेच दाबायचं. क्लिपा सुटल्या की वरच्या हुकांतून पॅनेल अलगद हातात येतं. पाठीवर पेन्सिलीने रांगेचा आकडा लिहायचा, कारण दिसायला सगळी सारखी असली तरी परक्या जागी गेली की कुरकुरतात. माणसांचंही तेच.

हे सगळं वहिनींना सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी शिकवलं. विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत, कारण बाबांनी तिथे छत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त होताना त्यांनी हत्यारांची पेटी सुनेच्या हाती दिली. मुलाला घरात खिळा ठोकता येत नव्हता. पेटीत प्रत्येक हत्याराला स्वतःची खाच, प्रत्येकावर बाबांनी कोरलेल्या दोन रेघा. पाचरी सहा. पाच पिवळ्या, एक काळी, आणि काळीवर रेघा नव्हत्या. विचारलं की बाबा म्हणत, ती आधीपासून तशीच आहे.

"मोजल्याशिवाय पेटी बंद करायची नाही. माझी टाचणीसुद्धा कधी विमानात राहिली नाही." बाबांचं हे वाक्य घरात नातवालाही पाठ होतं. नवी भरती आली की हाच धडा द्यायला बाबांना अजून बोलावत, येत्या सोमवारीही बोलावलं होतं. एरवी ते संध्याकाळी गॅलरीत उभं राहून विमानं बघत. नोकरी सुटली पण नाद सुटला नाही, असं घरचे म्हणत.

गुरुवारी सकाळी वहिनींनी एका जुन्या विमानातल्या चौदाव्या रांगेचं डावीकडचं पॅनेल काढलं. पाठीवर बाबांच्या अक्षरात आकडा आणि सात वर्षांपूर्वीची तारीख. आत, वायरींच्या जुडग्याला टेकून, एक पिवळी पाचर. तिच्यावर दोन रेघा.

वहिनींनी पेटीतल्या काळ्या पाचरीकडे बघितलं. विसरायला कोणीही विसरतं. पण त्या दिवशी मोजणीत एक कमी भरली असणार, आणि सगळी पॅनेलं पुन्हा उघडायचं सोडून बाबांनी काळी आणून खाचेत बसवली असणार. सापडलेलं हत्यार कोणाचं, हे कागदावर लिहायचा नियम होता, आणि त्या दोन रेघा हँगरमध्ये कोणीही ओळखल्या असत्या. आसपास चिटपाखरू नव्हतं. पिवळी पेटीत, काळी कचऱ्यात, झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यांनी हात पुढे केला. तेवढ्यात पाचरीला लागलेली वायर दिसली. तिचं आवरण घासून पांढरं पडलं होतं. वहिनींनी हात मागे घेतला, चौदावी रांग तशीच उघडी ठेवायला सुपरवायझरला सांगितलं, कागद जेवून आल्यावर भरते म्हणाल्या आणि स्कूटरने घर गाठलं.

बाबा जेवत होते. वाटभर वहिनींनी रागाची वाक्यं जुळवली होती. त्यांच्या ताटाकडे बघून त्यातलं एकही आठवेना.

"बाबा, तुमची पिवळी पाचर सापडली."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग विचारलं, "वायर?"

"घासलीय. तुटली नाही."

"कुठली रांग?"

"चौदावी. डावीकडची."

"मला बाविसावी वाटायची," बाबा म्हणाले. "ते विमान डोक्यावरून गेलं की गॅलरीतून तीच खिडकी शोधायचो. सात वर्षं चुकीच्या खिडकीकडे बघत राहिलो."

बाबांनी ताट सारलं, हात धुतले आणि कागद भरलास का, असं विचारलं. अजून नाही, असं त्या म्हणाल्या.

"मग थांब, चपला घालतो. तो मीच भरेन. आणि सोमवारी ती काळी पाचर मला लागेल, पोरांना दाखवायला."

वहिनींनी स्कूटर बाहेर काढली.