रंगखोलीतला रुमाल

"हवा चांगली हाय म्हणत्यात," सुपरवायझर मल्लेश हातातला रिपोर्ट हलवत म्हणाला. "मग पंखा कशाला पाहिजे, शालूबाई?"

इचलकरंजीच्या त्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात शालूबाई सतरा वर्षं रंगाची पूड तोलत होत्या. अलीकडे चार पायऱ्या चढल्या तरी छातीत शिट्टी वाजायची. टेबलावर पूड ओढून घेणारा पंखा बसवा, म्हणून वर्षभर त्या मल्लेशच्या मागे लागल्या होत्या. मालक म्हणे, आधी हवा मोजा. म्हणून प्रयोगशाळेतल्या सुष्मिता मॅडम आल्या. शालूबाईंच्या कमरेला छोटा पंप आणि गळ्याशी गोल डबी लावून म्हणाल्या, "जपा हं मावशी, महागाचं आहे."

आता शालूबाई म्हणजे शेजारणीची वाटीसुद्धा दोनदा घासून परत करणारी बाई. दुसऱ्याची वस्तू मळवायची कशी? पाळीभर त्यांनी डबीला धुतलेला रुमाल घट्ट बांधून ठेवला आणि सुटताना सोडून घेतला. यंत्र आलं तसं लख्ख परत गेलं, याचंच त्यांना समाधान.

आज मल्लेशचं बोलणं ऐकताना त्यांना एकदम तो रुमाल आठवला. पूड त्या रुमालावरच अडली असणार. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. पण चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेली संयोगिता, दोन लेकरांची आई, शेजारच्या तराजूवर खोकत होती.

त्यांनी मॅडमना फोन लावला. "चुकलं माझं. डबीला रुमाल बांधलता म्या. मळंल म्हणून."

"चूक माझीच, मावशी," मॅडम म्हणाल्या. " तुमच्या नाकात काय जातं, तेच ती डबी मोजते. हे मी सांगायला हवं होतं. पुन्हा मोजू."

दुसऱ्या खेपेला पाळी संपल्यावर मॅडमनी डबी उजेडात धरली. आतला गाळणीचा पांढरा कागद पुडीनं जांभळा झाला होता.

"एवढं आजचंच?" शालूबाईंनी विचारलं.

"आजचंच."

मल्लेशही शेजारी उभा राहून कागद बघत होता. "मालकास्नी सांगतो," एवढंच म्हणाला. मॅडमनी डबीला घट्ट टोपण लावलं. शालूबाईंना फार वाईट वाटलं. सतरा वर्षांत त्यांनी जपलं ते फक्त यंत्र, स्वतःची छाती नाही.

मालकानं होकार दिला, पण पंखा यायला महिना लागणार होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच रुमाल पिशवीतून काढला आणि संयोगिताच्या नाकाला बांधला.

"आणि तुमास्नी, आक्का?"

शालूबाईंनी तराजू जवळ ओढला.