पुढील सूचना मिळेपर्यंत

"सेक्रेटरी चेअरमन झाला?" जगन्नाथ ओगल्यांनी विचारलं. चहात बुडवलेला टोस्ट कपातच राहिला.

"चेअरमन नाही बाबा, प्रेसिडेंट," त्यांचा मुलगा सौमित्र म्हणाला. "सेक्रेटरी ऑफ डिफेन्स. पहाटे शपथ घेतली."

अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या मुलाच्या घरात ओगले रात्री नऊला झोपत. ते झोपले होते तेवढ्या वेळात राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, स्पीकर, सिनेटचे ज्येष्ठ सभासद आणि परराष्ट्रमंत्री असे सगळे एका युद्धनौकेवर जवानांना भेटायला गेले होते. सगळ्यांनी एकत्र जायचं नसतं असा संकेत आहे, पण फोटो चांगला आला असता. क्षेपणास्त्र फोटोच्या आधी आलं. यानंतरचा नंबर अर्थमंत्र्यांचा; पण त्यांचा जन्म परदेशातला, म्हणून ते बाद. संरक्षणमंत्री दाढ काढायला म्हणून मागे राहिले होते. ते सुजलेल्या गालानं महासत्तेचे प्रमुख झाले.

ओगल्यांना आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. कोथरूडला बहात्तर फ्लॅटांच्या सोसायटीचे ते बावीस वर्षं सेक्रेटरी होते. तेवढ्या काळात चार चेअरमन झाले. एक वारले, एक बंगलोरला मुलीकडे गेले, दोघे रुसले. दर वेळी सभेनं ओगल्यांचे मनःपूर्वक आभार मानले आणि चेअरमन दुसराच निवडला.

"याला कोणी निवडला?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही. अनइलेक्टेड आहे, दॅट्स द प्रॉब्लेम."

"अरे, सेक्रेटरीला कोण निवडून देतं? दुसरं कोणी तयार नसतं म्हणून तो असतो."

सौमित्रनं घड्याळ पाहिलं. नऊ वाजता ओगल्यांचा नागरिकत्वाचा इंटरव्ह्यू होता. तो कॅन्सल झाल्याचा मेसेज आला नव्हता, त्यामुळे जाणं भाग होतं.

ही त्यांची दुसरी खेप. पहिल्या खेपेला, सरकारचा कारभार कोणाच्या हातात असतो, या प्रश्नाला ओगल्यांनी "कागदोपत्री, राष्ट्राध्यक्षांच्या" असं उत्तर दिलं होतं. त्यातला 'कागदोपत्री' हा शब्द काढायला ते तयार झाले नाहीत. पुढच्या प्रश्नांवरही त्यांनी अशाच दुरुस्त्या सुचवल्या आणि नापास झाले. आता नापास झाले तर अर्ज रद्द होऊन सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता. नागपूरला त्यांची मोठी बहीण सरलाताई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर दिवाळीच्या पुढचं काही बोलत नव्हते. युद्ध सुरू झाल्यापासून ग्रीन कार्डवर बाहेर गेलेल्यांना परत येताना अडवत होते, आणि इथे त्यांच्या पत्नी वसुधाबाई डायलिसिसवर. त्यांना सोडून ओगले अडकून राहू शकत नव्हते. पासपोर्ट हातात आला की दुसऱ्या दिवशी निघायचं, असं ठरलं होतं.

हायवेच्या कडेला मोटारींच्या शोरूम्सवरचे ते अवाढव्य झेंडे अर्ध्यावर उतरवले होते. अर्ध्यावरूनही ते आसपासच्या इमारतींपेक्षा उंच होते. खालच्या बोर्डावर सेल चालूच होता.

"बाबा, आज प्लीज आर्ग्यू करू नका," सौमित्र ड्राइव्ह करता करता म्हणाला. "शीटवर आहे तेच सांगायचं. खरं काय आहे ते नाही."

"मी बावीस वर्षं मिनिट्स लिहिली आहेत," ओगले म्हणाले.

"म्हणूनच सांगतोय."

इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाई तिशीच्या होत्या. त्यांचे डोळे लाल होते. मागच्या भिंतीवर दोन चौकोन उरलेल्या भिंतीपेक्षा पांढरे दिसत होते, तिथले फोटो सकाळीच काढले असावेत. प्रश्न वीस, त्यातले बारा बरोबर यायला हवे होते. ओगल्यांच्या चुका सगळ्या सालांच्या झाल्या. एकोणीस प्रश्न संपले तेव्हा अकरा बरोबर होते.

विसावा प्रश्न बाईंनी वाचायला सुरुवात केली आणि त्या मध्येच थांबल्या. मग खाली बघून त्यांनी तो पुरा केला. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष दोघंही काम करू शकत नसतील, तर राष्ट्राध्यक्ष कोण होतं?

ओगल्यांनी अदबीनं विचारलं की, नियम विचारताय की आज सकाळचं?

बाई म्हणाल्या, की माझ्याकडे शीट जुनीच आहे.

ओगल्यांना जन्मात पहिल्यांदाच सेक्रेटरी पुढे गेलेला दिसत होता. तो नोंदवावा असं त्यांना फार वाटलं. शेवटी ते म्हणाले, "स्पीकर." आणि जरा थांबून, "देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो."

बाईंनी पहिल्या शब्दापुढे खूण केली. दुसरं वाक्य शीटवर नव्हतं.

पास झाल्याचा कागद देताना त्यांनी आणखी एक कागद पुढे सरकवला. नव्या राष्ट्राध्यक्षांचा तो पहिलाच हुकूम होता: युद्धपरिस्थितीमुळे नागरिकत्वाचे सर्व शपथविधी पुढील सूचना मिळेपर्यंत स्थगित. शपथ नाही तर पासपोर्ट नाही. मला फार वाईट वाटतंय, असं बाई म्हणाल्या.

ओगल्यांनी हुकूम दोनदा वाचला. भाषेत काही खोट नव्हती. पहिले चेअरमन वारले त्या सकाळी त्यांनीही जिन्यापाशी असाच कागद लावला होता, गच्चीचे सर्व कार्यक्रम पुढील सूचना मिळेपर्यंत बंद. गच्चीवर त्या दिवशी कोणाचं तरी डोहाळजेवण होतं. बी विंगमधली एक मुलगी नटून खाली आली होती आणि नोटीस वाचून पुन्हा वर गेली होती. तिचं नाव त्यांना आता काही केल्या आठवेना.

पार्किंगमध्ये सौमित्र वकिलाशी बोलत राहिला. ओगल्यांनी नागपूरला फोन लावला.

"पास झालास ना, जगन?" सरलाताईंचा आवाज लांबून आला. "किती मिळाले?"

"बारा. वीसपैकी."

"काठावर. लहानपणी पाढेसुद्धा तुझे असेच असायचे." त्या हसल्या, मग खोकल्या. "मग कधी निघतोस?"

विचाराधीन आहे, यथावकाश कळवू, अशी वाक्यं ओगल्यांच्या हाताखालून हजारदा गेली होती.

"तारीख दिलेली नाही, ताई," ते म्हणाले. "कधी देतील माहीत नाही."



"बरं," सरलाताई म्हणाल्या. "मग तोवर टिकायचं तर ते इंजेक्शन घ्यायला हवं. दुपारी नको म्हणून परत पाठवलं होतं मी."

आणि फोन तसाच चालू ठेवून त्यांनी नर्सला हाक मारली.