नव्या पेट्रोलचा वास

सरकारी धोरणावरून आमच्या घरात जितकी भांडणं झाली, तितकी पुढाऱ्यांच्या घरातही होत नसतील. मी तेल डेपोच्या प्रयोगशाळेत काम करते. पेट्रोलमध्ये इथेनॉल नेमकं किती मिसळलंय ते तपासायचं आणि टँकरच्या कागदावर सही करायची, हे माझं काम. बाबांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज. त्यामुळे मी सकाळी जे पास करते, ते बाबा दुपारी नापास करतात.

दोन वर्षांपूर्वी सरकारने इथेनॉलचं प्रमाण वाढवलं. पिकांपासून केलेलं इंधन, बाहेरून आणायचं तेल कमी, धूर कमी, असं मी जेवताना समजावून सांगायचे. बाबा शांतपणे ऐकायचे आणि माझ्या ताटाशेजारी कुजलेली रबरी नळी आणून ठेवायचे. नळीच्या बाबतीत त्यांचं खरंच होतं. जुन्या गाड्यांचं रबर या पेट्रोलला टिकत नाही, हे मी केव्हाच कबूल केलं होतं. पण त्यांची मुख्य तक्रार वेगळी होती. या पेट्रोलला वासच नाही, म्हणायचे.

बाबांची सगळी विद्या नाकात. प्लग काढायचा, नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे, की गाडीची कुंडली हातात. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं असेल तर बोटाला लागलेल्या थेंबावरून सांगायचे. गिऱ्हाइकं त्यांना 'नाकवाले मिस्त्री' म्हणायची. गेल्या दोन वर्षांत मात्र त्यांचे अंदाज चुकायला लागले होते. एकाच गाडीचं कार्बोरेटर त्यांनी दोनदा उगाच खोललं आणि खापर पेट्रोलवर फोडलं. शेवटी तर तक्रारअर्जच लिहिला. डेपोतून बनावट इंधन येतंय म्हणे. डेपोतून, म्हणजे माझ्या सहीने. अर्ज दुसऱ्या दिवशी पुरवठा खात्यात जाणार होता.

माझं डोकंच फिरलं. साहेबांची परवानगी घेऊन दोन नमुने भरून घेतले, एक इथेनॉल मिसळण्याआधीचा आणि एक नंतरचा, आणि तडक गॅरेज गाठलं. दोन्ही बाटल्यांची झाकणं काढून त्यांच्यासमोर धरली.

"घ्या. एक तुमचं जुनं, एक आमचं नवं. ओळखा."

बाबांनी पहिली हुंगली. दुसरी हुंगली. पुन्हा पहिली.

"दोन्ही तुझ्याच डेपोतली," ते म्हणाले. "कशालाच वास नाही."

इकडे माझं डोकं वासाने भणभणत होतं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग मागे पाहिलं. दोन हातांवर एका स्कूटरची टाकी ठिबकत होती, खाली थारोळं साचलं होतं, आणि बाबा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

मी लगेच झाकणं लावली, स्कूटर ओढत बाहेर नेली, थारोळ्यावर वाळू टाकली. बाबा नुसते माझ्या धावपळीकडे बघत होते. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

मी शेजारी बसले आणि कधीपासून, असं विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी मी आठवडाभर तापाने पडलो होतो ना, त्यानंतर," ते म्हणाले. "त्याच महिन्यात पंपावर तुझं ते पेट्रोल आलं. मला वाटलं, त्याचंच काहीतरी असेल."

आणि बाकीचे वास, असं विचारल्यावर "तेही नाही," म्हणाले. स्वयंपाकघरात दूध करपलं तरी हा माणूस शेजारी पेपर वाचत बसायचा आणि आई चिडायची, त्याचं कारण मला तेव्हा कळलं. मला स्वतःचीच लाज वाटली. दोन वर्षं मी त्यांच्याशी वाद जिंकत होते आणि एवढं साधं दिसलं नव्हतं. आधी डॉक्टरकडे जायचं, आणि तोवर गॅरेजमध्ये जाळ पेटवायचा नाही, असं मी ठणकावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. एवढ्या लवकर त्यांनी माझं कधीच ऐकलं नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मग नवं पेट्रोल कुठल्या बाटलीत आहे ते विचारून त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"कसा असतो गं याचा वास?"

मी झाकण उघडलं. जुन्यापेक्षा थोडा गोडसर, मी सांगितलं. इंजेक्शन देण्याआधी नर्स दंडाला स्पिरिट लावते ना, तसा काहीसा. पण खाली आपलं नेहमीचं पेट्रोल आहेच.

बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"वाईट नाही मग," ते म्हणाले. "दोन वर्षं उगाच शिव्या घातल्या बिचाऱ्याला."