पोरगं नेण्याचा करार

सोमलिंग मॅट्रिक पास झाला तेव्हा अणदुरात पेढे वाटण्याआधी त्याची चौकशी झाली. त्याचे वडील महालिंगप्पा यांच्या दुकानासमोर चार माणसं जमली आणि त्यांनी विचारलं, पास म्हणजे पोरगं सुटलं, का अजून काही बाकी आहे? पुढं कॉलेज आहे, असं सोमलिंगनं सांगितलं. सांगताना त्यानं मान जराशी तिरकी केली. उस्मानाबादच्या हायस्कुलात राहून त्यानं कमावलेली ही सर्वांत पक्की विद्या होती. बाकीचे विषय जेमतेमच होते.

महालिंगप्पा ज्वारी मोजत होते. त्यांनी माप खाली ठेवलं नाही.

"कॉलेजात काय करत्यात?"

"शिकतात, अप्पा."

"मग आजवर काय करत होतास?"

या प्रश्नाचं उत्तर सोमलिंगला पुढं बी. एस्सी. झाल्यावरही सापडलं नाही, पण तोवर विचारणारे थकले होते.

कॉलेजात कशाला जायचं याचं खरं उत्तर एक होतं, पण ते दुकानासमोर सांगण्यासारखं नव्हतं. शाळेत एकदा कुणी साहेब सूक्ष्मदर्शक घेऊन आले होते. बोरी नदीच्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवून त्यांनी पोरांना रांगेनं दाखवला. सोमलिंगनं डोळा लावला, तर आत कसलीतरी जित्राबं एकमेकांना धडका देत फिरत होती. तो नीट बघणार एवढ्यात मागच्यानं ढकललं आणि त्याची पाळी संपली. बघायचं राहून गेलं. तेवढ्यासाठी माणसानं हैदराबादला जायचं म्हणजे वेडेपणाच, हे त्यालाही कळत होतं. म्हणून तो लोकांना 'पुढं मोठा हुद्दा मिळतो' असं सांगायचा.

"असं कर," महालिंगप्पा म्हणाले. "उन्हाळाभर तयारी कर. मिरगाला हैदराबादला जाऊ. त्यांनी तुला घेतलं आन् मला पटलं, तर ऱ्हा तिथं. न्हाय तर आल्या दिवशी गादीवर बसायचं. मग पुन्हा हा विषय काढायचा न्हाय."

सोमलिंगनं गादीकडं पाहिलं. तेलकट तक्क्या, समोर तराजू, आणि तराजूच्या पलीकडं "हुलगे हाईत का?" असं विचारणारं गाव. ते मरेपर्यंत विचारणार होतं. तयारी करायची, असं त्यानं त्याच क्षणी ठरवलं.

अडचण एवढीच होती, की तयारी कशाची करायची हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. अपवाद शंकरप्पाचा.

शंकरप्पाला गाव 'हैदराबादी' म्हणायचं. बांधाच्या भांडणापायी त्यानं थेट हायकोर्ट गाठलं होतं आणि अर्धं तारुण्य त्या वाटेवर घालवलं होतं. खटला तो हरला, पण हैदराबाद मात्र जिंकून आला. त्या शहरात त्यानं हायकोर्ट आणि त्याच्या जवळचं इराण्याचं हॉटेल एवढं दोनच पाहिलं होतं. तरी उरलेल्या शहराबद्दल तो पूर्ण खात्रीनं बोलायचा.

"कॉलेज म्हंजे काय रे?" तो सोमलिंगला म्हणाला. "मोठी इमारत, उंच पायऱ्या, आत साहेब, भायेर चपराशी. हायकोर्टच की! तितं जी रीत, तीच हितं. तू बिनघोर ऱ्हा. म्या हाय."

आणि खेदाची गोष्ट ही, की सोमलिंग खरोखरच बिनघोर राहिला. ट्रंकेत पुस्तकं होती. रेखागणित होतं, इंग्रजी वाचनमाला होती. ती उघडावीत असं त्याला एकदोनदा वाटलंही. पण पुस्तक काय, कुणीही वाचतं. शंकरप्पाची विद्या दुर्मिळ होती.

रोज उन्हं कलली, की दुकानामागच्या लिंबाखाली कोर्टासारखी पेशी भरायची. शंकरप्पा उलट्या पाटीवर बसून साहेब व्हायचा. सोमलिंग समोर हात जोडून, नजर जमिनीला लावून उभा.

"नाव?"

"सोमलिंग."

"हाड! बापाचं नाव कोन सांगंल? वय, धंदा, गाव, तालुका? सगळं एका दमात. मधी थांबलास की साहेबाला शंका येती."

"सोमलिंग वल्द महालिंगप्पा, उमर सतरा साल, पेशा तिजारत, साकीन अणदूर, तालुका तुळजापूर."

"बेस. आता, हे पुस्तक वाचलं का?"

"व्हय, वाचलं."

शंकरप्पानं कपाळावर हात मारला. "व्हय म्हनलास की पकडला! म्हनंल, मग सांग पान अमुक वर काय हाय? काय सांगशील? म्हनून म्हनायचं, याद नाही."

"पण वाचलेलं असलं तरी?"

"तरी! म्या बांधाबद्दल एकदा 'व्हय' म्हनलो रं लेकरा. त्या एका शब्दापायी बोरीच्या बाजूचं रान गेलं."

एवढा अनुभवी माणूस खोटं कशाला सांगेल, असा विचार करून सोमलिंगनं ते मनावर घेतलं. वैशाख संपेपर्यंत तो इतका तयार झाला, की आईनं "जेवलास का?" विचारलं, तरी त्याच्या तोंडून "याद नाही" निघायचं.

आई पार्वतम्मा. तिची तयारीची कल्पना वेगळी होती. महायुद्धामुळं कापड मिळत नव्हतं, तरी तिनं कुठून तरी काळं कापड मिळवून सोमलिंगसाठी शेरवानी शिवून घेतली. ती खांद्यात घट्ट होती आणि पोटात सैल. म्हणजे शिंप्यानंही त्याला गादीवरच बसलेला पाहिला असावा. मग एक दिवस तिनं त्याच्यापुढं काटवट सरकवली.

"भाकरी शीक, यप्पा. तितं कोन थापनार हाय?"

"अव्वा, कॉलेजातली माणसं भाकरी थापत नसतात."

"मग काय खात्यात?"

"ते मी गेल्यावर बघीन."

पार्वतम्मानं काटवट ओढून घेतली आणि कडक भाकऱ्यांची चवड लावायला घेतली.

निघायची वेळ जवळ आली तशी बंडप्पानं एक अडचण काढली. बंडप्पा गावचा पंच. कुठल्याही गोष्टीत अडचण काढणं हा त्याचा मान होता.

"करार कोन करनार?" त्यानं विचारलं.

त्याचं चुकीचं म्हणावं तर अणदूरकराला ते अवघड होतं. अणदुरातून खंडोबा दरवर्षी नळदुर्गला मुक्कामाला जातो. तोसुद्धा असाच उठून जात नाही. दोन्हीकडचे मानकरी समोरासमोर बसतात, करार होतो, देव किती मुक्काम करणार आणि परत कधी येणार हे ठरतं, आणि मगच तो निघतो. देवाची ही रीत, तर महालिंगप्पाचं पोरगं काय देवापेक्षा मोठं लागून गेलं?

"तोंडी करार तरी पायजे," बंडप्पा म्हणाला. "कदी नेनार, कदी आनून देनार. आन् पंच बरोबर पायजे."

सोमलिंगला आपल्यासाठी करार होणार याचा मनातून आनंद झाला. तो त्यानं लपवला. निदान आपण लपवला असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात तो दिवसभर देवळाच्या बाजूनं, खंडोबाच्या बरोबरीचा असल्यासारखा चालत होता.

अशा रीतीनं कॉलेजच्या मुलाखतीला सोमलिंगबरोबर वडील, वकिलाच्या जागी शंकरप्पा आणि पंच म्हणून बंडप्पा, अशी माणसं हैदराबादला उतरली. सगळ्यांच्या अंगाला कडक भाकरीचा आणि शेंगाच्या चटणीचा वास येत होता. सोमलिंगच्या शेरवानीला जास्त, कारण गठुडं त्याच्या मांडीवर होतं.

कॉलेजच्या पायऱ्या खरंच उंच होत्या. शंकरप्पानं "बघ, म्हनलं न्हवतं?" अशा नजरेनं सगळ्यांकडं पाहिलं आणि दारातल्या चपराश्याला विचारलं, "पुकारा कदी हुतो?"

आत तीन साहेब बसले होते. मधले प्राचार्य, पांढऱ्या दाढीचे, रूमी टोपी घातलेले. ते उर्दूत बोलत होते आणि आवाज मऊ होता. तो आवाज ऐकून सोमलिंग घाबरला. शंकरप्पानं पेशीत नेहमी खेकसूनच विचारलं होतं.

"आपलं नाव?"

सोमलिंगनं हात जोडले, नजर जमिनीला लावली आणि बापासकट तालुक्यापर्यंत सगळं एका दमात सोडलं. वर "जे सांगेन ते खरं सांगेन" हेही जोडलं. ते शिकवलेलं नव्हतं. ही त्याची स्वतःची भर होती.

डावीकडच्या साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

"बसा," प्राचार्य म्हणाले.

साहेबानं 'बस' म्हटलं तर काय करायचं, हे शंकरप्पानं सांगितलंच नव्हतं. कोर्टात त्याला कुणी कधी तसं म्हटलंच नव्हतं. सोमलिंग खुर्चीच्या कडेला टेकला, पण हात जोडलेलेच राहिले.

"मॅट्रिकला इंग्रजीत काय वाचलंत?"

"याद नाही."

"रेखागणित?"

"याद नाही, हुजूर."

"परीक्षा तुम्हीच दिलीत ना?"

इथं 'व्हय' म्हटलं की रान गेलंच. "दिली असं लोक म्हणतात," तो म्हणाला. "बाहेर पंच आहेत."

"कोण आहेत?"

"पंच."

प्राचार्यांना उत्सुकता वाटली असावी. त्यांनी चपराश्याला खूण केली. चपराश्यानं दार उघडलं आणि अख्खं अणदूर आत आलं. बंडप्पा तर पटका सावरतच पुढं झाला.

"आमी करारासाठी आलोय, सरकार," तो त्याच्या दखनी उर्दूत म्हणाला. "पोरगं तुमी कदी नेनार, कदी आनून देनार?"

सोमलिंगनं डोळे मिटले. तेलकट तक्क्या, तराजू, हुलगे. सगळं अगदी स्पष्ट दिसलं.

प्राचार्य हसले नाहीत, हे सोमलिंगला जन्मभर लक्षात राहिलं. ते त्याच्याकडं वळले.

"बेटा, तू उन्हाळ्यात काय केलंस?"

सोमलिंगनं डोळे उघडले. शंकरप्पा प्राचार्यांच्या पाठीमागच्या भिंतीकडं बघत ओठांनी 'याद नाही, याद नाही' करत होता. पण आता जायचं ते गेलंच होतं. सोमलिंगचे हात आपोआप सुटले.

"इथं उभं कसं राहायचं ते शिकलो, साहेब," तो म्हणाला. "पुस्तक उघडलं नाही. आणि तुम्ही तर बसा म्हणालात."

"मग कॉलेजात कशाला यायचंय?"

मोठा हुद्दा, असं उत्तर ओठांवर होतं. निघालं मात्र दुसरंच.

"शाळेत एकदा नदीचं पाणी काचेतून दाखवलं होतं. त्यात जित्राबं होती. मला नीट बघायच्या आत मागच्यानं ढकललं. ते राहिलंय. थेंबात एक मोठं होतं. ते बाकीच्यांना धडका देत होतं. त्याचं पुढं काय झालं?"

उजवीकडचे साहेब पुढं झुकले. "त्याला पाय होते का केस?"

"केस होते, साहेब. कडेनं. सारखे हलणारे."

"हे बरं याद राहिलं," ते म्हणाले आणि प्राचार्यांकडं बघून त्यांनी मान डोलावली.

प्राचार्य महालिंगप्पांकडं वळले. "आम्ही मुलगा घेतो. सुट्ट्या लागतील तेव्हा परत पाठवू. दिवाळीला येईल, उन्हाळ्याला येईल."

"आन् द्याल तेव्हा जसा नेला तसा द्यायचा," बंडप्पा म्हणाला. करारातलं हे मुख्य कलम होतं.

"त्याची हमी आम्ही देत नाही," प्राचार्य म्हणाले. "तसाच परत हवा असेल, तर आजच घेऊन जा."

बंडप्पा गडबडला. या कलमावर देवाच्या बाबतीत कधी वाद झाला नव्हता. सगळे महालिंगप्पांकडं बघायला लागले. महालिंगप्पा मुलाकडं बघत होते. एखाद्या पोत्यात हात घालून दाणा बघावा, तसं.

"मला ती थेंबाची गोष्ट कदी बोलला न्हाईस," ते म्हणाले.

"तुम्ही हसला असता, अप्पा."

"हसलो असतो." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "न्या, सरकार. कसा का येईना."

पायऱ्या उतरताना शंकरप्पा छाती काढून चालत होता. "निकाल लागला की न्हाय आपल्या बाजूनं?" तो म्हणाला. मग एकदम थबकला. "सोमलिंग, ते अपील तर करनार न्हाईत ना?"

दिवाळीला सोमलिंग घरी आला तो पुरता बदलून. निदान त्याचा हिशोब तसा होता. त्याच्या डोळ्यांना चष्मा होता, बोलण्यात इंग्रजी शब्द होते, आणि त्या केसाळ जित्राबाचं लॅटिन नाव त्याला येत होतं. बोर्डिंगच्या भातानं पोट भरत नाही म्हणून तो वाकड्यातिकड्या का होईना, भाकऱ्याही थापायला शिकला होता, पण ते त्यानं आईला सांगितलं नाही. गाव आपल्याकडं बघून काय म्हणेल याची त्यानं गाडीतच दोन-तीन उत्तरं करून ठेवली होती.

कराराप्रमाणं पंच बंडप्पा बघायला आला. शंकरप्पा बरोबर होताच. बंडप्पानं सोमलिंगभोवती एक फेरी मारली, बैलाला बघावं तसं. चष्मा काढून बघितला आणि परत नाकावर बसवला.

"काय शिकलास?" शंकरप्पानं विचारलं.

सोमलिंगनं घसा साफ केला.

"ऱ्हाऊ दे," बंडप्पा म्हणाला आणि महालिंगप्पांकडं वळला. "उगं हमी देत न्हाय म्हनाले, पर मानसं शब्दाची निगाली. जसा नेला तसाच दिलाय की."

हे ऐकल्यावर त्यांना खडसावून काही सांगावं म्हणून सोमलिंगनं मान वर केली. तेव्हा त्याला कळलं, की पंच आल्यापासून आपण हात जोडून, नजर जमिनीला लावून उभे आहोत.