मानसिंगतात्यांचा पाच नंबर

सात नंबर दिला, तेव्हा प्रिंटर अर्ध्या चिठ्ठीवर थांबला. तीन दिला, तेव्हा वजनकाट्याने रिकाम्या बादलीत एकशे अठ्ठ्याऐंशी लिटर दूध दाखवलं. चार दिला, तेव्हा फॅटचं मशीन मुकं झालं आणि पडद्यावरचा आकडा जागीच गोठला. लियाकतने संगणक बंद केला, नवं कार्ड पुन्हा उपसून काढलं आणि त्यावरची नंबर ठरवणारी ज्वारीच्या दाण्याएवढी काळी टोपी चिमट्याने ओढून डोळ्यांजवळ नेली.

"चाचा, किती वाजले माहितीय का?" दूध संघाचा सुपरवायझर यशराज दारातून म्हणाला.

"ह्या कार्डाला इचारून सांगतो."

वडगावच्या दूध संकलन केंद्रातला हा संगणक लियाकतनेच सव्वीस वर्षांपूर्वी इंदापूरहून एसटीने आणला होता; मांडीवर धरून, नवसाच्या पोरासारखा. त्याची दर दसऱ्याला पूजा होई, आणि दर दसऱ्यानंतर आतल्या फटींतून झेंडूच्या पाकळ्या आणि नारळाचं पाणी काढायला लियाकत येई. बाकी मशीन आजारी असं कधी पडलंच नाही.

आता संघाचं पत्र आलं होतं. आज संध्याकाळपासून संकलनाचे आकडे तारेने थेट संघाच्या कचेरीत गेले पाहिजेत. न गेल्यास केंद्र उद्यापासून बंद, दूध पुढच्या गावी घालावं. नवा संगणक मागणीपत्रात होता. मागणीपत्र तीन वर्षांचं झालं होतं आणि त्याची तब्येत उत्तम होती. तोवर संघाने दिवे लुकलुकणारा एक डबा भिंतीवर ठोकून दिला होता, आणि त्या डब्याची तार संगणकात खोचण्यासाठी एक कार्ड बसवायचं होतं. इतक्या जुन्या मशीनला बसेल असं कार्ड दोन तालुक्यांत एकाच माणसाच्या पत्र्याच्या पेटीत होतं. तो माणूस सकाळपासून गुडघ्यावर बसला होता.

या मशीनचं एक होतं. आतल्या प्रत्येक कार्डाला आपापला नंबर लागे. बोलायचं असलं की कार्डाने आपल्या नंबरची घंटा वाजवायची, मग मशीन त्याच्याकडे बघणार. एका नंबरावर दोघे बसले, की घंटा कुणाची तेच मशीनला कळत नसे. एका खुर्चीवर दोन चेअरमन ही गोष्ट तालुक्याला नवी नव्हती. तालुका चालतच होता. मशीनला मात्र तेवढी समज नव्हती, ते सरळ बंद पडे.

"कुठं ना कुठं नंबर मोकळा असतोच, फक्त हुडकाय पायजे," असं लियाकत तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. बढाई मारावी असं आयुष्यात त्याच्याजवळ तेवढंच एक वाक्य होतं.

नव्या कार्डाला चारच नंबर चालत होते. तीनवर काटा, चारवर फॅट, सातवर प्रिंटर. उरला पाच.

"पाचवर काय आहे?" यशराजने विचारलं.

पाचवर मानसिंगतात्यांचा आवाज होता.

मानसिंगतात्या केंद्राचे सचिव. एके काळी तात्यांनी इथून हाक मारली की कॅनॉलपलीकडचं माणूस थांबायचं. सुरुवातीला बऱ्याच सभासदांना चिठ्ठी वाचता येत नव्हती, म्हणून लियाकतने आवाजाचं कार्ड बसवलं आणि तात्यांकडून शून्यापासून एकशे नव्व्याण्णवपर्यंत सगळे आकडे बोलून घेतले. सत्तेचाळीसच्या वेळी दाराशी बांधलेली प्रयागबाईंची म्हैस हंबरली. पुन्हा बोलायला तात्यांनी नकार दिला. म्हणाले, दुधाचंच काम हाय, तिलाबी बोलू दे. प्रयागबाईंचाच सभासद क्रमांक सत्तेचाळीस निघाला. तेव्हापासून त्यांचं दूध आलं की तात्या नंबर पुकारत आणि मागून म्हैस हंबरे. ती म्हैस जाऊनही वीस वर्षं झाली होती.

तीन वर्षांपूर्वी तात्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा पार गेली. महिन्याने पोरांनी त्यांना खुर्चीत आणून बसवलं, मशीनशेजारी. तात्या डाव्या हाताने कळ दाबत आणि मशीनमधून त्यांचाच आवाज येई, "क्रमांक एकशे बारा. फॅट सहा पॉइंट चार." सभेच्या वहीत दरवर्षी नोंद होई की सचिवांचं कामकाज नेहमीप्रमाणे खणखणीत आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं.

यशराजने वाकून मशीनमध्ये पाहिलं. "साउंड कार्ड ना हे? मग काढून टाका की! त्याचा काय उपयोग?" मग खुर्चीतल्या तात्यांकडे नजर टाकत आवाज खाली आणून म्हणाला, "यांना कळतं का बोललेलं?"

"समदं कळतं. निस्तं बोलता येत न्हाय. ज्यास्नी निस्तं बोलताच येतं, त्यांची चौकशी तुमी करता का कवा?"

यशराज हसला, कारण ते कुणाबद्दल आहे हे त्याला कळलं नाही. "दुसरा नंबर द्या मग आवाजाला."

"प्रोग्राम लिवणारा पोरगा कवाच परदेशी गेला. त्यानं आवाजाला पाच बांधून ठिवलाय. सोडवायचा कसा, त्ये बी संगट घिऊन गेला."

"पाच वाजलेत, चाचा. साडेपाचला रांग लागेल."

लियाकत पेटीत उगाचच काहीतरी शोधू लागला. पेटीत काय काय आहे ते त्याला पाठ होतं. तरी त्याने प्रत्येक पुडी उलगडली, पुन्हा बांधली. मान वर केली तेव्हा तात्यांनी डावा हात उचललेला होता. पाचही बोटं पसरलेली.

"पाणी देऊ का तात्या?"

हात तसाच.

"पंखा लावू?"

तात्यांनी डोळे मिटून मान आडवी हलवली. मग तोच हात पुढे नेऊन आवाजाच्या कार्डावर ठेवला, जनावराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"तात्या, उद्या दुसरं कायतरी बघू. मी बारामतीत इचारतो. पुन्याला..." लियाकत बोलत राहिला आणि मध्येच थांबला. तात्या त्याच्याकडे समजूत काढल्यासारखे पाहत होते. समजूत खरं तर त्याने काढायची होती.

"एकदा आवाज आयकायचा का?"

तात्यांनी मान डोलावली. लियाकतने मशीन लावलं, सत्तेचाळीस आकडा टाकला. "क्रमांक सत्तेचाळीस," केंद्रभर आवाज घुमला, मागून म्हैस हंबरली. तात्यांचं अर्धं तोंड हसलं. उरलेलं अर्धं पूर्वीसारखंच राहिलं.

मग लियाकतने मशीन बंद केलं, आवाजाचं कार्ड काढून वर्तमानपत्रात गुंडाळलं, नव्या कार्डावर काळी टोपी पाचवर बसवली, ते आत खोचलं आणि मशीन पुन्हा लावलं. भिंतीवरच्या डब्यात हिरवा दिवा लागला.

"एक नंबर, चाचा!" यशराज ओरडला आणि फोन कानाला लावून मोटारसायकलीकडे गेला. काम जमल्याचं इतकं वाईट लियाकतला कधी वाटलं नव्हतं.

साडेपाचला रांग लागली. मशीन आता चिठ्ठ्या मुकाट्याने काढत होतं. लोकही मुकाट्याने घेत होते, खुर्चीकडे न बघता. अशात प्रयागबाई आल्या. मोतीबिंदूमुळे चिठ्ठी नाकाला लावली तरी त्यांना दिसत नसे. दूध बादलीत ओतून त्या वाट बघत उभ्या राहिल्या.

"आरं, फॅट किती लागली? आज समद्यांची दातखिळी बसली का काय?"

कोणीतरी बोलणार तेवढ्यात लियाकतने हाताने थांबवलं. तात्या पुढे झुकले होते. त्यांनी डाव्या हाताने बाईंची रिकामी किटली जवळ ओढली आणि मधल्या बोटाच्या पेराने तिच्यावर वाजवलं. टण. टण. सावकाश, सात वेळा. मग थांबले. मग दोनदा.

प्रयागबाई मान कलती करून ऐकत होत्या.

"सात पॉइंट दोन," त्या म्हणाल्या. "बरी हाय की! म्हस तेवढी हंबरायची ऱ्हायली, तात्या."

किटली उचलून त्या गेल्या. त्यांच्या मागे कुंडलिक गुरुजी होते. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला, रोजचं वर्तमानपत्र दोनदा वाचणारा माणूस. त्यांनी चिठ्ठी घेतली, न बघताच घडी करून खिशात टाकली, आणि आपली रिकामी किटली तात्यांसमोर धरून उभे राहिले.