चोरखिशातली दोन तिकिटं

मित्रांनो, माझ्याकडे असं टक लावून बघू नका. कोणी बघायला लागलं की मला धडकीच भरते. मी एक जुना चोरखिसा आहे. एका जाड कोटाच्या आत, डाव्या बाजूला, अस्तराखाली दडून मी आयुष्य काढलं. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. तरी माझी कहाणी सांगतो, पण जरा लांबूनच ऐका.

माझा जन्म उशीच्या जुन्या अभ्र्यातून झाला. माझ्या मालकीणबाई शिवणाच्या शिक्षिका. एकदा परक्या शहरात, भर बसमध्ये, त्यांच्या यजमानांचं पाकीट मारलं गेलं. दुधाने तोंड पोळलं आणि बाई तेव्हापासून ताकही फुंकून पिऊ लागल्या. त्यांनी मला आपल्या कोटाच्या आत दुहेरी टाक्यांनी शिवलं, वर बटण लावलं आणि बटणावर सेफ्टी पिन. यजमान हसून म्हणाले, "अगं, यात ठेवलेलं आपल्याला तरी सापडेल का?"

"न सापडू दे," बाई म्हणाल्या. "चोराला सापडायला नको."

पुढे यजमान गेले, पण बाईंची फिरण्याची हौस गेली नाही. मग त्यांच्या सोबतीला त्यांची भावजय येऊ लागली, म्हणजे धाकट्या भावाची बायको. मी कितीतरी शहरं फिरलो. ट्राममधून, बसमधून, बोटीतून. माझा एक टाका उसवला होता, त्या फटीतून मला सगळं दिसायचं. माझ्यातून कधी काही हरवलं नाही. "खिसा असावा तर असा!" असं बाई सगळ्यांना सांगायच्या आणि मी फुगायचो.

त्यांचा एक नियम होता. दोघींचं सगळं काही माझ्यातच ठेवायचं. तिकिटं, दोघींचे फोन, खोलीची किल्ली, मुक्कामाचा पत्ता. भावजयीने हात पुढे केला की बाई म्हणायच्या, "तू गबाळी आहेस. असू दे माझ्याकडे." आता गंमत बघा. रेल्वेच्या प्रत्येक गेटवर तिकीट लागतं. मग बाई भर गर्दीत कोट उघडणार, पिन काढणार, कोपरापर्यंत हात घालणार. मागे ही रांग!

"अहो वन्सं," भावजय कुजबुजायची, "लपवलंय कुठे ते अख्ख्या शहराला दाखवताय तुम्ही!"

असंच एका मोठ्या शहरात आम्हाला एक लाल टोपीवाला दिसला. सकाळी ट्राममध्ये तो मागच्या बाकावर होता. मग संग्रहालयाच्या दारात दिसला. आम्ही बस बदलली, त्यानेही बदलली. चुकून उलट्या दिशेच्या बसमध्ये बसलो, तर हाही आमच्या मागोमाग उलटा!

"पाळतीवर आहे मेला," बाई म्हणाल्या. मलाही तेच वाटलं. उलट्या बसमध्ये उगीच कोण बसतं?

दुपारी भुयारी रेल्वेच्या स्टेशनवर ही गर्दी. गाडी आली. भावजय आत चढली. बाई चढणार, तोच त्यांना वाटलं की माझी पिन उघडी आहे. त्या चाचपायला थांबल्या आणि दारं बंद झाली. काचेपलीकडे भावजय हात आपटत होती. तिच्या मागे लाल टोपी उभी होती. गाडी निघून गेली.

भावजयीजवळ होतं काय? पाण्याची अर्धी बाटली. बाकी सगळं माझ्या पोटात. एक गणवेशातला माणूस जवळ आला आणि म्हणाला, "काय झालं, बाई?" बाईंनी मला छातीशी घट्ट दाबलं. "काही नाही, काही नाही."

इतक्यात माझ्या आत भावजयीचा फोन वाजला. बाईंनी बाहेर काढून बघितला. अनोळखी नंबर! "फोनवरून फसवणारे लुच्चे मेले, नेमकी आत्ताच वेळ सापडली," असं म्हणून त्यांनी तो कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बाई तो उचलून ओरडल्याच, "लाज नाही वाटत तुम्हाला?"

"वन्सं, मी आहे!" पलीकडून भावजय रडत म्हणाली. "मला फक्त माझाच नंबर पाठ आहे हो. पुढच्या स्टेशनवर उतरले आहे. तिकीट नाही, बाहेरही पडता येत नाही."

मागून आलेल्या गाडीने आम्ही पुढच्या स्टेशनवर पोचलो, तर भावजय बाकावर बसली होती. शेजारी लाल टोपीवाला. फोन त्याचाच होता. बाईंना बघून तो ओशाळला. "मीही इथे नवीनच आहे. तुम्ही इतक्या ठामपणे चालत होता, की म्हटलं, यांच्या मागे गेलो तर चुकणार नाही."

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्या भावजयीला म्हणाल्या, "चल, ऊठ."

भावजय उठली नाही. "वन्सं, चोरांना तुम्ही भिता, ते मला कळतं. पण तुमच्या घरात माझे केस पांढरे झाले. एवढ्या वर्षांत एका तिकिटापुरताही माझा भरवसा वाटला नाही का तुम्हाला?"

बाईंनी कोट उघडला. पिन काढली. त्यांनी तिकीट आणि फोन तिच्या हातात ठेवले. "चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. भावजयीने डोळे पुसले, तिकीट मुठीत धरलं आणि ती पुढे चालू लागली. बाई पहिल्यांदाच तिच्या मागून चालल्या.

मित्रांनो, आता मी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात लटकतो. पिनेला गंज चढला आहे. कोणी माझा तो उसवलेला टाका पुन्हा घातला तर बरं वाटेल. मी संशयी आहे आणि तसाच राहणार, लाल टोपीवाल्याचंही मला अजून पुरतं पटलेलं नाही. पण एवढं ऐका. माझ्यात आपलं आपलं ठेवा, सोबतीच्या माणसाचं त्याच्या हाती द्या. पाकीट गेलं तर नवं घेता येतं. पण त्या बाकावर भावजयीने विचारलेलं आपल्याला कोणी विचारलं, तर द्यायला उत्तर कुठल्याच खिशात सापडत नाही.