उभा पाय

टाके बाहेरून दिसतात. डाव्या बुटाच्या कडेला, करंगळीच्या बरोबर वर, काळ्या चामड्यात बसवलेली तपकिरी चामड्याची बोटभर पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांनी मेण लावलेल्या दोऱ्याचे बारीक, तिरके टाके — कुणीही बघितलं की आधी तेच बघणार आणि मग नाक मुरडणार. मुरडू देत. अपेक्षानं मांडीवरच्या बुटाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. गाडीनं कराड मागे टाकलं होतं, पुढच्या बाकांवर मुली कुणाच्यातरी मोबाइलवर गाणी लावून बसल्या होत्या, आणि तिच्या पायाशी पिशवीत ते नवे बूट होते — पांढरे, टाचेला गुलाबी रेघ, इतके हलके की पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा खोका रिकामाच आहे असं वाटलं होतं.

नवे बूट आज घालायचेच आहेत, तसं ठरलेलंच आहे. कॉलेजच्या सगळ्या फुटबॉल संघाला ते देणारे सांगलीचे पृथ्वीराजदादा साताऱ्याच्या मैदानावर स्वतः येणार, फोटो काढून घेणार, आणि त्यांच्या शेजारी मंडपात राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडणाऱ्या बाई बसणार. कॉलेजचं हे तिचं शेवटचं वर्ष. शिबिराच्या यादीत नाव आलं तर खेळ पुढे चालू, नाही आलं तर जूनमध्ये जतकडच्या आपल्या माळावर परत, आणि तिथे अकरा बायका एका जागी जमतात त्या फक्त रोजगार हमीच्या कामावर. हे सगळं ठाऊक असूनही... प्रशिक्षक उदयसिंह सरांनी काल सरावानंतर सगळ्यांना उभं करून अगदी शांतपणे सांगितलं होतं, की जिच्या पायात हे बूट नाहीत ती अकरांत नाही. सर ओरडले की अर्ध्या तासात निवळतात. शांतपणे सांगितलेलं मात्र ते बदलत नाहीत, हे चार वर्षांत तिला पाठ झालेलं होतं.

सरांना बुटांचं वेड. पावसानं सराव बुडाला की ते मुलींना वर्गात बसवायचे आणि फळ्यावर बूट काढायचे. पहिला बूट विलायतेतल्या गिरणी कामगाराचा, कामावर घालायचा तोच — घोट्याच्या वरपर्यंत, पुढे लोखंडी टोपी, तळाला खिळ्यांनी ठोकलेले चामड्याचे तुकडे, आणि चिखलात भिजला की उचलता उचलेना. मग घोटा मोकळा झाला. मग तळाचे ते तुकडे, म्हणजे स्टड, फिरवून बसवता-काढता यायला लागले, ओल्या मैदानाला लांब, कोरड्याला आखूड. मग कांगारूचं मऊ कातडं, मग चेंडूला फिरकी मिळावी म्हणून वरून रबराच्या खाचा, मग गोल स्टडच्या जागी पाती, आणि आता हे मोज्यासारखे विणलेले, काहींना तर लेसही नाही. सर खडूचं टोक फळ्यावर टेकवून म्हणायचे, दीडशे वर्षांत बूट हळूहळू पायासारखा होत आलाय. मुली माना हलवायच्या. मीही हलवायचे — सगळ्यांत जोरात मीच. कुणाच्या पायासारखा, सर? हा एवढासा प्रश्न सुचायला चार वर्षं आणि अंगठ्याची तीन नखं जावी लागली.

कारण तिचा पाय... पायाचं काय सांगायचं. टाचेशी बेताचा आणि पुढे चवड्याशी एकदम ऐसपैस, बोटं एकमेकांपासून फटकून, करंगळी तर जणू घरातून भांडून निघालेली. पाचव्या वर्षापासून वडिलांच्या, आबांच्या मागे, मेंढरांच्या मागे, कुसळातून आणि मुरमातून चाललेला पाय आहे तो. तो पसरला म्हणून ती त्या उतारावर कधी घसरली नाही. पण हे सांगलीत कुणाला सांगणार? सांगलीत पहिल्याच महिन्यात तिनं पाय बाकाखाली घ्यायला शिकून घेतलं. लग्नाकार्याला मैत्रिणींबरोबर गेली तर चपला सगळ्यांत शेवटी काढायची आणि निघताना सगळ्यांच्या आधी पायात सरकवायची, म्हणजे त्यांच्या चपलांशेजारी तिच्या दिसायला नकोत.

आणि म्हणूनच तो फॉर्म. दोन महिन्यांपूर्वी व्यायामशाळेत बुटांची मापं घेतली. मुली बाकावर बसून पाय कागदावर टेकवत होत्या, आणि संघाची कर्णधार शिवांजली, कोरेगावची, पट्टी लावून टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजून आकडा सांगत होती. रुंदीला फॉर्ममध्ये जागाच नव्हती. अपेक्षाची पाळी आली तशी मागून कुणीतरी म्हणालं, हिच्यासाठी बूट नको, कृष्णेतली नाव मागवा. सगळ्या हसल्या. तीही हसली. आणि पाय बुटातून न काढताच म्हणाली, मोजायला नको, मला माहितीय माझं माप, आणि स्वतःच्या हातानं सहा लिहून टाकलं. पाय साडेसातचा.

ते खोटं माझं होतं. दुसऱ्या कुणाचं नाही. मला त्या वेळी पाच मिनिटांपुरता का होईना, लहान पाय हवा होता. शरमेनं माणूस काय काय लिहून देतं, आणि नंतर ते लिहिलेलं खोक्यात भरून, कागदात गुंडाळून घरी येतं... तर आलं. दोन दिवस तिनं नव्या बुटांत सराव केला. पाय कसाबसा कोंबला, करंगळी घट्ट अंगठीखालच्या बोटासारखी पांढरी पडली, आणि तिसऱ्या वेळी चेंडू मारताना डावा पाय जमिनीवर बसलाच नाही, कलंडला, ती आडवी पडली आणि चेंडू शेजारच्या रसवंतीत गेला. रात्री वसतिगृहात संघातल्या राखीव राजेश्वरीकडून तिचे साडेआठचे मागून घातले — तर पुढे दीड बोट मोकळं आणि चवड्याला तोच फास. लांबी वाढली की रुंदी वाढते असं नाही, हे त्या बुटानं तिला नीट समजावलं.

शनिवारी ती गावी गेली, आणि आठवड्याच्या बाजारात आबांना घेऊन शालूबाईंकडे. मेंढक्यांच्या वहाणा गेली पस्तीस वर्षं शालूबाई शिवतात. नवरा गेल्यावरही दुकानाची ताडपत्री त्यांनी उतरवली नाही. माप घ्यायची त्यांची एकच रीत. नऊ वर्षांची असताना अपेक्षानं ती पहिल्यांदा बघितली होती — चामड्यावर उभं करायचं, आणि भाराखाली पाय पसरावा म्हणून आबांचं कोकरू खांद्यावर द्यायचं, आणि मग कोळशानं पायाभोवती रेघ मारायची. कोकराचे पाय तिच्या गळ्याशी, त्याचा ऊन श्वास कानात, आणि खाली कोळशाची गुदगुली... ते आठवलं आणि ती पिशवीतून नवे नाही, जुने बूट काढून बसली. पुरुषांचे, चामड्याचे, पहिल्या वर्षी सरांनीच आणून दिलेले. तेही करंगळीला लागायचे, पण निदान चामडं होतं, समजूत घालता आली असती.

"बसून न्हाई. उभी ऱ्हा," शालूबाई म्हणाल्या. "बसल्याल्या पायाचं काय खरं न्हाई."

उभी राहिली. मग त्या म्हणाल्या, आता बॉल मार बघू. भर बाजारात, कांद्याच्या पाट्यांमध्ये, तिनं गोणपाटाच्या बोळ्याला एक लाथ घातली. शालूबाई खाली वाकून भलतीकडेच बघत होत्या.

"मावशी, मी उजव्यानं मारते."

"त्यो समदीच बघत्यात. मी उभा हाय त्यो पाय बघती. सगळी त्याच्यावर येतीस की गं तू."

चार वर्षं. चार वर्षं सरांनी तिच्या उजव्या पायाची तारीफ केली, पाती, खाचा, फिरकी, सगळं मारणाऱ्या पायाचं शास्त्र सांगितलं, आणि ही बाई, जिनं आयुष्यात एक सामना बघितला नाही, तिनं एका लाथेत कळ शोधली. आबा मात्र कासावीस. "आवं शालूबाई, सरांनी दिल्याला बूट हाय त्यो. कापू नगा."

"मग पाय काय टाकून द्याचा हाय व्हय?" शालूबाई म्हणाल्या आणि चामडं कापायची रापी चालवली.

साताऱ्याचं मैदान म्हणजे नावाला गवत आणि खाली मुरूम. अजिंक्यताऱ्याकडून वारा येत होता, मंडपाची झालर फडफडत होती. समोरच्या संघातल्या पाचगणीला शिकलेल्या दोन-तीन मुली आधीच धावत होत्या, आणि इकडे वीस पांढरे बूट एका रांगेत, वीस गुलाबी रेघा. अपेक्षानं जुन्या बुटांची लेस ओढली. गाठ दोनदा मारली. भीती होतीच, आणि ती शेवटपर्यंत गेली नाही.

सर आले. आधी पायांकडे, मग पट्टीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. हे मात्र तिनं धरलं नव्हतं. रागाची तयारी करून आली होती ती.

"हे काय करून ठेवलंस?"

"मोकळा केला, सर."

"नवे घाल. पहिला हाफ काढ तेवढा. फोटो होईल, दादा जातील, मग मी काही बघितलं नाही."

चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. तेवढंच तर मागतायत. आणि काय मायेनं मागतायत. क्षणभर तिचा हात पिशवीकडे गेलाही... लहान व्हायचं, थोडा वेळ, पुन्हा एकदा, सगळ्यांना बरं वाटेल इतपत. बाईंची नजर पडेल तेव्हा मी कलंडत असेन, आणि त्या कागदावर लिहितील, तोल नाही.

"सर, फॉर्मवर मी सहा लिवलं. साडेसात हाय. ती चूक माझी."

"मग साडेसातचे मागवू ना पुढच्या वेळी."

"साडेसातचे असते तरी हेच झालं असतं. रुंदीला बसत न्हाई."

"अगं, खास बायकांसाठी केलेत. खोक्यावर छापलंय तसं."

"कुठल्या बायकांसाठी, सर?"

सरांची नजर पुन्हा पट्टीवर गेली. तिला वाईट वाटलं. तिला पहिला बूट आणून देणारा माणूस होता तो. पण वाईट वाटलं म्हणून तिनं शब्द मागे घेतला नाही.

"मंडपात विचारलं तर मी काय सांगू?"

"माझा पाय मावत न्हाई म्हणून सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

त्यांनी हातातल्या अकरांच्या यादीकडे बघितलं. मग खिशातलं पेन काढलं, एक नाव खोडलं, त्यावर राजेश्वरीचं लिहिलं, आणि निघून गेले.

बाकावर बसलं की मैदान लांब दिसतं. फोटो झाला, त्यात ती नव्हती. सामना सुरू झाला, विसाव्या मिनिटाला सांगलीवर गोल चढला, आणि राजेश्वरीकडून चेंडू निसटला की आपल्याला बरं वाटतंय हे अपेक्षाच्या लक्षात आलं, मग त्याची लाज वाटली, मग पुन्हा बरं वाटलं. ही काही थोर माणसं करतात तशी गोष्ट नव्हे, हे तिनं स्वतःशी मान्य करून टाकलं. आबांना संध्याकाळी फोन करायचा होता. काय सांगणार? बसवून ठेवलं म्हणून सांगेन. का विचारतील, तर का तेही सांगेन. यात रडण्यासारखं काय आहे, असं म्हणता म्हणता डोळे भरले, ते तिनं बाहीनं पुसले आणि कुणी बघितलं का हे बघितलं नाही.

पस्तिसाव्या मिनिटाला ती उठली. कुणी बोलावलं नव्हतं. रेघेच्या कडेकडेनं, मंडपाच्या थेट पुढून, ती बदली खेळाडूसारखी अंग गरम करत धावायला लागली — आधी सावकाश, मग गुडघे उचलत, मग आडवी, मग मागे. पृथ्वीराजदादांनी खाली बघितलं आणि बाईंकडे झुकून काहीतरी बोलले. बाईंनीही बघितलं. बघा. नीट बघा, पुढे वाकून बघा, मी इथेच आहे, अजून दोन फेऱ्या मारणार आहे. लपवायला गेलं की पाय किती मोठा व्हायचा, आणि आज एवढ्या माणसांपुढे तो नुसता पाय आहे, तिच्या अंगाखाली, तिच्या वजनाचा.

पलीकडून सर तिच्याकडे बघत होते. हात वर करून आत बोलावतील, की मान फिरवतील, तिला सांगता येत नव्हतं. तिला खेळायचं होतं. शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळायचं होतं, आणि त्यांनी मान फिरवली असती तरी ते कमी होणार नव्हतं. ती वळली आणि पुन्हा मंडपाच्या दिशेनं धावत सुटली.